लहान बाथरूमचा वॉलपेपर: कॅटलॉग उघडण्याआधी काय विचाराल?



नवीन दुकानाला पहिलीच ऑर्डर अख्ख्या हॉलची क्वचित मिळते. गिऱ्हाईक आधी छोटं काम देऊन तुमचा हात बघतं. टीव्हीमागची एक भिंत, बेडरूमचा एखादा कोपरा, आणि हल्ली वरचेवर येणारं वाक्य म्हणजे, "आमचं ते लहान बाथरूम आहे ना, तिथे काहीतरी छान लावून द्या." जागा चार बाय सहा फूट, काम अर्ध्या दिवसाचं. वाटतं, घेऊन टाकू, तेवढाच हात बसेल.

घ्या, पण जरा थांबून घ्या. पाणी, वाफ, पाइप, कोपरे हे सगळं एकाच चिंचोळ्या जागेत आणि वर नफा फक्त दोन-तीन रोलचा. हॉलच्या कामात एखादा रोल जास्त गेला तर सांभाळून घेता येतं. इथे कारागिराची एक फेरी वाढली की कमाई संपली. व्हिडिओत आकडे भराभर गेले, म्हणून इथे सावकाश मांडते.

"ताई, तिथे आंघोळ होते का?"

गिऱ्हाईक आलं की आपला हात आपोआप कॅटलॉगकडे जातो. तो आवरा. एकदा त्यांचं मन निळ्या पानाफुलांवर बसलं की मग तुम्ही ओल, वाफ, गळती काहीही सांगा, ऐकणार नाहीत. आधी जागा समजून घ्या, आणि त्यासाठी वरचा एक प्रश्न पुरतो.

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये बाथरूमला वॉलपेपर लावलेला दिसतो तेव्हा बऱ्याचदा ती फक्त बेसिन आणि कमोड असलेली खोली असते, किंवा आंघोळीचा भाग काचेआड वेगळा असतो. आपल्याकडे डोंबिवली-कल्याणच्या वन बीएचकेमध्ये त्याच चार बाय सहात बादली, तांब्या, गीझर, कपडे भिजवायचा टब, सगळं असतं. सकाळी दोन तासांत चौघांच्या आंघोळी होतात. तांब्याने अंगावर घेतलेलं पाणी कुठल्या भिंतीवर उडेल याचा नेम नाही. अशा ठिकाणी वॉलपेपर विकू नका. गिऱ्हाईक हट्ट करतंय, पैसे हातात देतंय, तरी नको.

मग गिऱ्हाईक सोडायचं का? अजिबात नाही. त्याच घरात बाथरूमच्या बाहेर, पॅसेजमध्ये वॉश बेसिन असतंच. बेसिनच्या वर आरसा, बाजूला दीड-दोन फूट मोकळी भिंत. ती भिंत तुमची. "काकू, आत नको, आत चार महिन्यांत फुगेल. पण ही बाहेरची भिंत पाहुण्यांना आधी दिसते, इथे लावू," असं सांगितलं की दहातल्या सात काकू ऐकतात. वर असंही म्हणतात की बाई खरं बोलते. हा माझ्या काउंटरवरचा अनुभव आहे, कुठल्या सर्व्हेचा आकडा नाही.

टू बीएचके, थ्री बीएचकेमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं छोटं टॉयलेट असतं, त्यात आंघोळ होत नाही. हे तुमचं खरं मार्केट. क्लिनिक, सलून, छोटं ऑफिस, कॅफे यांचं टॉयलेटही याच प्रकारात येतं. जागा लहान, माणूस आत दोन मिनिटं थांबतो, पण भिंत अगदी डोळ्यांसमोर असते.

सात फुटांपर्यंत टाइल्स आणि वर छतापर्यंत दोन-अडीच फुटांची पट्टी उरलेली, तिथे लावू का, असं बरेच जण विचारतात. टाइल्समुळे पाणी उडत नाही, म्हणून सुरक्षित वाटतं. पण गरम पाण्याची वाफ वर जाऊन नेमकी तिथेच बसते. एक्झॉस्ट फॅन चालू असेल, खिडकी बाहेर उघडत असेल तर विचार करा. नुसती काचेच्या पट्ट्यांची, डक्टमध्ये उघडणारी खिडकी असेल तर सरळ चांगला बाथरूमचा रंग सुचवा.

भिंत काय सांगते

जागा पाहायला गेलात की रिकाम्या हाताने जाऊ नका. मोजपट्टी, ओलं फडकं, चिकटपट्टी आणि प्लास्टिकचा एक पारदर्शक तुकडा बॅगेत हवा.

ओलं फडकं भिंतीवर चोळा. रंग फडक्याला लागला तर भिंतीवर साधं डिस्टेंपर किंवा चुना आहे. त्यावर काहीही चिकटवलं तरी ते भिंतीला न चिकटता त्या भुकटीला चिकटतं आणि थोड्या दिवसांत रंगासकट सुटून येतं. तो थर खरवडून, पुट्टीने सपाट करून, प्रायमर मारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग प्लास्टिकचा तुकडा. साधारण एक फूट बाय एक फूट, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायला सांगा. आतल्या बाजूला दव दिसलं किंवा तेवढाच चौकोन गडद झाला तर ओल भिंतीच्या आतून येतेय. ओलमापक यंत्र मिळतं, घेतलंत तर उत्तम, पण सुरुवातीला या तुकड्यावर काम भागतं. शिवाय गिऱ्हाईक स्वतःच्या डोळ्यांनी बघतं, त्यामुळे वाद होत नाही.

पोपडे, पांढरी भुकटी, कोपऱ्यात काळे ठिपके यातलं काही दिसलं तर थांबा. वरच्या मजल्याचं बाथरूम बरोब्बर याच्या डोक्यावर आहे का, बाहेरची भिंत पावसाच्या तोंडाला आहे का, पाइप भिंतीतून गेलेत का, हे विचारा. आपल्याकडे नैऋत्येचा पाऊस असल्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती जास्त भिजतात. मे महिन्यात कडकडीत कोरडी दिसणारी भिंत ऑगस्टमध्ये घाम फुटल्यासारखी होते. बाहेरच्या भिंतीचं काम असेल तर "मागच्या पावसात इथे डाग पडला होता का?" हा प्रश्न घरातल्या आजींना विचारा. आजी खरं सांगतात. घराचा मालक हमखास "नाही हो" म्हणतो.

इथे एक गैरसमज फार आहे. "विनाइलचा घेतला की झालं, तो वॉटरप्रूफ असतो." विनाइलचा वरचा थर पाणी आत जाऊ देत नाही हे बरोबर. पण म्हणूनच भिंतीतली ओल बाहेरही पडू देत नाही. ती मागे कोंडते, गोंद भिजतो, बुरशी धरते आणि वरून सगळं सुंदर दिसत असताना आत वास सुरू होतो. ओल्या भिंतीवर विनाइल म्हणजे ओल्या कपड्यांची घडी कपाटात ठेवण्यासारखं. आधी गळती दुरुस्त, मग भिंत वाळू द्यायची, मग वॉलपेपर. नवीन प्लास्टर असेल तर किमान महिनाभर तरी हात लावू नका.

काय विकायचं

कोरड्या भिंतीसाठी मात्र विनाइलच विका. मागचा थर नॉन-वोव्हन असलेला मिळाला तर सगळ्यात चांगलं, कारण गोंद भिंतीला लावून कोरडा कागद वर बसवता येतो. अरुंद जागेत गोंद लावलेला लडबडीत कागद घेऊन वळणं म्हणजे सर्कस असते. साधा कागदी वॉलपेपर दिसायला गोड, पण टॉयलेटसाठी नको. गवताचा, कापडाचा तर मुळीच नको, वास आणि ओल दोन्ही धरून ठेवतो.

रोलच्या लेबलवर छोटी चिन्हं असतात, ती वाचायला शिका. पाण्याची एक लाट म्हणजे ओल्या स्पंजने हलकं पुसता येईल. दोन लाटा म्हणजे धुण्याजोगा, तीन म्हणजे त्याहून टिकाऊ. लाटेबरोबर ब्रश दिसला तर घासूनही साफ करता येतो. बाथरूमसाठी दोन लाटांच्या खाली उतरू नका. काउंटरवर एक वाटी पाणी, स्पंज आणि सॅम्पलचा तुकडा ठेवा, गिऱ्हाइकालाच घासू द्या. माझ्या दुकानात यापेक्षा चांगला सेल्समन नाही आणि त्याला पगारही नाही.

गोंदाच्या बाबतीत काटकसर नको. बुरशीरोधक असलेला, विनाइलसाठीचा गोंद घ्या. टाइल्सच्या वरच्या कडेला जिथे कागद संपतो, तिथे पारदर्शक सिलिकॉनची बारीक रेघ ओढायची. बेसिनवरचं पाणी याच फटीतून आत शिरतं.

मागचा कागद सोलून चिकटवायच्या पीव्हीसी शीटचं काय? ऑनलाइन स्वस्तात मिळतात, गिऱ्हाईक तोच फोटो दाखवून "एवढ्यात द्या" म्हणतं. भाड्याच्या घरासाठी, गुळगुळीत ऑइल पेंटवर, वर्ष-दोन वर्षांच्या हिशोबाने ठीक आहे. टाइल्सवर लावली तर सांध्यांच्या रेघा वर उमटतात. मी ठेवते दुकानात, पण ती विकताना फिटिंगची जबाबदारी घेत नाही आणि तसं बिलावर लिहिते.

चौरस फुटांवर भागाकार करू नका

आता पैशाची गोष्ट. समजा पाहुण्यांचं टॉयलेट आहे, चार बाय सहा फूट, उंची नऊ फूट, टाइल्स चार फुटांपर्यंत. म्हणजे वर पाच फूट भिंत. चारही बाजू मिळून घेर वीस फूट. दरवाजा अडीच फूट रुंद, सात फूट उंच.

नवीन माणूस काय करतो? २० गुणिले ५, शंभर चौरस फूट. टाइल्सच्या वरचा दरवाजाचा भाग साडेसात फूट, तो वजा. उरले साडेब्याण्णव. नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब, म्हणजे साधारण ५७ चौरस फूट. भागाकार केला, १.६ आलं, दोन रोल मागवले. झालं.

आता पट्ट्यांनी मोजा. घेर २४० इंच, रोलची रुंदी जवळपास २१ इंच, म्हणजे १२ पट्ट्या. एक पट्टी पाच फुटांची, वर-खाली कापायला चार इंच, एकूण ६४ इंच. रोलची लांबी साधारण ३९५ इंच. डिझाइन जुळवायची गरज नसेल तर एका रोलमधून सहा पट्ट्या निघतात, दोन रोलमध्ये बारा. बसलं, पण अगदी काठावर. एक पट्टी फाटली की खेळ संपला.

आणि डिझाइन जुळवायचं असेल तर? समजा लेबलवर ६४ सेंटिमीटर लिहिलंय, म्हणजे तेच फूल दर सव्वापंचवीस इंचांनी परत येतं. ६४ इंचांच्या पट्टीसाठी तुम्हाला तीन पूर्ण नक्षी कापाव्या लागतात, सुमारे ७६ इंच. एका रोलमधून पाचच पट्ट्या निघाल्या. दोन रोलच्या झाल्या दहा, आणि हव्यात बारा. दरवाजावरची पट्टी आखूड असली तरी भागत नाही. तिसरा रोल लागणारच.

तिसरा रोल नंतर मागवला तर त्याचा लॉट नंबर वेगळा येऊ शकतो. एकाच डिझाइनच्या दोन लॉटमध्ये रंगाचा किंचित फरक असतो. हॉलच्या वीस फुटांवरून तो दिसणार नाही, पण टॉयलेटमध्ये नजर भिंतीपासून दोन फुटांवर असते. म्हणून डिझाइन ठरल्यावरच रोल मोजायचे आणि सगळे एकाच लॉटचे मागवायचे. माल आला की प्रत्येक रोलचं लेबल उघडण्याआधी तपासा. उघडलेला रोल डीलर परत घेत नाही.

१०६ सेंटिमीटर रुंदीचे मोठे कोरियन रोलही मिळतात, साडेपंधरा मीटरच्या आसपास लांब. वरच्या मापाला पट्ट्या सहाच लागतात, डिझाइन जुळवूनही एक रोल पुरतो आणि सांधे निम्मे होतात. सांधे कमी म्हणजे वाफ शिरायच्या जागा कमी. अडचण एवढीच की साडेतीन फूट रुंद पट्टी घेऊन कमोड आणि बेसिनच्या मध्ये उभं राहणं सगळ्या कारागिरांना जमत नाही. कोटेशन देण्याआधी आपल्या माणसाला विचारा.

भाव कसा सांगायचा

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव घाला. रोल तुम्हाला १,८०० रुपयांना पडला, तीन रोल ५,४००. गोंद, प्रायमर, सिलिकॉन मिळून ७००. कारागीर १,५००, येणं-जाणं ३००. खर्च झाला ७,९००. गिऱ्हाइकाला रोल २,६०० ने लावलात, ७,८००, आणि फिटिंग-सामान ३,५००. बिल ११,३००, हातात ३,४००. छान.

आता दोन आठवड्यांनी फोन आला, "कोपऱ्यात सुटलाय हो." परत एक रोल १,८००, कारागीर १,२००, प्रवास ३००. एकूण ३,३००. उरले शंभर रुपये, आणि अजून तुमचं दुकानाचं भाडं धरलेलंच नाही. बीबीएला कॉस्टिंगचा पेपर होता, पण रीवर्कचा खर्च म्हणजे काय ते असल्या उदाहरणातूनच डोक्यात बसतं.

म्हणून लहान कामाला "रोलमागे इतके" या हिशोबाने मजुरी धरू नका. तीन रोल सरळ भिंतीवर लावणं आणि तेच तीन रोल फ्लश टँक, जेट स्प्रे, स्विचबोर्ड, पाइपभोवती कापून बसवणं यात दुपटीचा वेळ जातो. कामाची किमान रक्कम ठरवा आणि तोंडी न सांगता लिहून द्या. मालाचे पूर्ण पैसे आधी, फिटिंगचे काम झाल्यावर. "भिंतीतील ओल किंवा गळतीमुळे झालेल्या नुकसानीची हमी नाही" ही ओळ बिलावर छापूनच घ्या. आणि मग ओली भिंत दिसत असताना त्या ओळीच्या आधाराने काम घेऊ नका. ओळ दाखवून पैसे वाचतील, पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो गेला की पुढची दहा घरं गेली.

डिझाइनकडे आता या

लहान जागेला लहान नक्षी, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. चार बाय सहाच्या चारही भिंतींवर बारीक बुट्टे लावले की छापील साडीच्या गाठोड्यात बसल्यासारखं होतं. एकच भिंत घ्या, कमोडच्या मागची किंवा बेसिनची, तिथे मोठं पान, मोठं फूल बिनधास्त येऊ द्या आणि बाकी भिंती त्याच कागदातल्या फिक्या रंगाने रंगवा. रोल कमी लागतात, म्हणजे बिल लहान होतं हे खरं. पण गिऱ्हाईक खूश राहतं आणि सांधे जुळवायचे कोपरेही कमी होतात.

उभ्या पट्ट्यांनी उंची वाढल्यासारखी वाटते. मात्र जुन्या इमारतीत भिंती सरळ नसतात, आणि उभी पट्टी तो वाकडेपणा लगेच दाखवून देते. जाताना ओळंबा लावून बघा. भिंत तिरकी असेल तर पानाफुलांचं, मोकळं डिझाइन सुचवा. चमकदार फॉइलचा कागद दोन कारणांनी टाळा. खालच्या पुट्टीचा प्रत्येक उंचवटा त्यात दिसतो, आणि फॉइल वीज वाहून नेऊ शकतं, त्यामुळे स्विचबोर्डाच्या चौकटीमागे ते घुसवणं धोक्याचं. बोर्ड उघडायचा असेल तेव्हा, कागद कुठलाही असो, मेन स्विच बंद करूनच कारागिराला हात घालू द्या.

रंग दुकानात ठरवू नका. तुमच्याकडे पांढरी ट्यूब, त्यांच्या टॉयलेटमध्ये पिवळा बल्ब. इथला राखाडी तिथे मातकट दिसतो. सॅम्पलचा मोठा तुकडा घरी पाठवा, रात्री दिवा लावून बघायला सांगा. समोर मोठा आरसा असेल तर तेही सांगा, कारण नक्षी दुप्पट दिसणार आहे.

चारही भिंती लावायच्या असतील तर शेवटचा सांधा कधीच जुळत नाही, जगातला कुठलाही कारागीर असो. तो दरवाजाच्या वर किंवा दरवाजा उघडल्यावर झाकला जाईल त्या कोपऱ्यात आणायचा. काम सुरू करण्याआधी हे कारागिराशी बोला, नाहीतर तो सवयीने डावीकडून सुरू करेल आणि तुटलेलं फूल नेमकं आरशाशेजारी येईल.

काम झालं की दोन दिवस तिथे पाणी उडू द्यायचं नाही, फुल स्पीडचा पंखा लावून घाईने वाळवायचं नाही, आणि पुढे साफ करताना ॲसिड किंवा खरखरीत घासणी वापरायची नाही, एवढं घरच्यांना सांगा. कामवाल्या मावशींनाही सांगा, कारण फडकं त्यांच्याच हातात असतं. उरलेला कागद गुंडाळून त्यावर लॉट नंबर लिहून गिऱ्हाइकाकडे ठेवायला द्या, आणि तोच नंबर तुमच्या बिलबुकातही लिहा. वर्षाने प्लंबरने भिंत फोडली की फोन तुम्हालाच येणार आहे.